न काढायचा शब्द

भिजवलेल्या सरकीचा उग्र, आंबूस वास आला की आपले काहीतरी बुडणार आहे असे मला अजूनही वाटते. सकाळ कितीही प्रसन्न असो, ऊन कितीही कोवळे असो, त्या वासासरशी मी अकोटाजवळच्या आमच्या गोठ्यात जाऊन उभा राहतो. त्या वर्षांत आमचे बैल सरकीवर जगत होते, कारण कडबा नव्हता. कडबा नव्हता, कारण ज्वारीच पेरली नव्हती. आणि ज्वारी पेरली नव्हती, कारण सात समुद्रांपलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात गोऱ्यांची भाऊबंदकी पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव चढला.

या बांधापासून त्या बांधापर्यंत, दृष्टी थकेल तिथवर, कापूस फुटलेला असे. मार्गशीर्षातल्या सकाळी धुके आणि कापूस यांतला भेद कळत नसे, आणि त्या शुभ्र विस्तारात एक चमत्कारिक शांतता असे. ती शांतता कशाची, हे प्रथम मायच्या ध्यानात आले. कणसे नव्हती म्हणून पाखरे नव्हती. "कापूस खाऊन पोट भरत न्हाई," ती म्हणाली, "पाखरायचं न्हाई, अन् आपलंबी न्हाई." बा हसला. "भाव हाये तवर पेरू दे वं," एवढेच त्याचे उत्तर.

पण तोही मनातून निर्धास्त नव्हता. नसता, तर दर शनिवारी मारुतीपुढे दिवा लावून ते दूरचे युद्ध थांबू नये म्हणून त्याने नवस बोलला नसता. मायने त्या दिव्याला तेल दिले नाही. "तिकडं कोनाच्या तरी मायचे लेकरं मरून राहिले. त्यायच्या मरनाले म्या तेल देऊ?" बाने आपल्या हाताने तेल घातले. वारा नसतानाही ती ज्योत थरथरताना पाहिली की मला भय वाटे. आणि त्या दिव्याच्या पुण्याईवरच मी अकोल्याच्या सरकारी शाळेत शिकत होतो, ही जाण तर त्याहून भयंकर होती.

शाळेत माझे काही धड चालले नव्हते. आमचे पंतोजी पुण्याकडचे. ते शुद्धलेखन घालीत, आणि मी जे ऐकू येई ते न लिहिता जे जिभेवर असे ते लिही. कमळ म्हटले की 'कमय', पाणी म्हटले की 'पानी'. माझा तरी काय दोष? आमच्या घरात पाणी कधी वाहिलेच नव्हते, वाहिले ते पानीच. पोरांनी माझे नावच 'कमय' ठेवले, आणि वर्षाअखेरच्या परीक्षेत व्हायचे तेच झाले.

बा त्या दिवशी कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याच्या बाजारात आला होता. तसाच, अंगभर तंतू घेऊन, शाळेच्या ओट्यापाशी आला. पंतोजी गंभीरपणे म्हणाले, "आपला मुलगा उतरला नाही."

बाचा चेहरा उजळला. बाजारात दिवसभर त्याचे कान भावाविषयीच्या याच दोन शब्दांसाठी टवकारलेले असत. "उतरला न्हाई? वा पंतोजी, तुमच्या तोंडात साखर पडो!" असे म्हणत त्याने धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा काढला आणि पुढे केला.

"अहो, परीक्षेत उतरला नाही," पंतोजी ओशाळून म्हणाले. "म्हणजे परीक्षा पार झाली नाही याला. पुन्हा याच वर्गात बसावे लागेल."

गूळ धरलेला तो हात बराच वेळ हवेत राहिला. आज हे आठवून मला हसू येते, पण त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले होते. परतताना गाडीच्या जुवाकडे पाहत बा म्हणाला, "आमच्या बजारात उतरला तो मेला. तुमच्या शायेत न उतरला तो मेला. मंग मानसानं कराव त काय कराव?"

तो शब्द त्याने अपशकुनासारखा मनावर घेतला. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, मालवतो. तसे आमच्या घरात त्या दिवसापासून काहीच उतरेनासे झाले. भांडे चुलीवरून 'खाली येई', मायचा ताप नुसता 'जाई'. मी चुकून तो शब्द काढला की बा जागच्या जागी थांबे आणि खळ्यातल्या कापसाच्या ढिगाकडे पाही.

अकोल्यात पुन्हा त्याच बाकावर 'कमय' होऊन बसण्यापेक्षा मला उमरावतीस आत्याकडे ठेवावे असे ठरले. तिथल्या मास्तरांनी एका वर्षाच्या बोलीवर मला घेतले, आणि बानेही आपली अट घातली: "औंदा पार झालास त शीक, न्हाई त बैलं हाक." वैशाखात आम्ही निघालो. पूर्णेचे पात्र आटून डोहाडोहांपुरते राहिले होते, आणि वाळूवरून येणाऱ्या वाऱ्याला शेवाळाचा वास होता. एरवी गाडीवान सहज म्हणतो की नदी उतरू, पण बा म्हणाला, "पलीकडं जाऊ." मधल्या वाळूत चाक रुतले. बैल फुरफुरत उभे राहिले, आणि दोन्ही काठ सारख्याच अंतरावर दिसत होते. उत्तीर्ण म्हणजे पलीकडे पोचलेला, हे मास्तरांनी मला पुढे शिकवले. त्या क्षणी मला एवढेच कळत होते की आपण कुठलेच नाही.

उमरावतीच्या बाजाराचे तेव्हाचे वैभव काय सांगावे! हवेत तंतू इतके तरंगत की उन्हाचा कवडसासुद्धा केसाळ दिसे. दलाल आणि शेतकरी रुमालाखाली हातात हात घालून, चकार शब्द न काढता, बोटे दाबून सौदा करीत. माझ्या वयाची गावातली पोरे बापाशेजारी बसून ती बोटांची भाषा शिकत होती. मी मात्र आत्याच्या परसात, आडाच्या काठावर, जीभ टाळूला लावून 'ळ, ळ, ळ' करीत होतो. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मायला म्हणालो, "पाणी दे." ती तांब्या हातात धरून थबकली. "पाव्हन्यावानी बोलू नोको रे बाप्पा," म्हणाली. मला फार वाईट वाटले, आणि शरमेची गोष्ट अशी की थोडा आनंदही झाला.

परीक्षा पुन्हा वैशाखातच आली. बाने साऱ्या हंगामाचा निम्मा कापूस भाव आणखी चढेल म्हणून राखून ठेवला होता, आणि तोच घेऊन तो त्या दिवशी उमरावतीस आला होता. दुपारी मास्तरांनी मला जवळ बोलावले. "उतरलास," ते म्हणाले, आणि कधी नव्हे ते हसले.

मी बाजाराकडे धावत सुटलो. वाटेत मी दुसरा शब्द शोधत होतो. हा काढायचा नाही, हे मला पक्के ठाऊक होते. पण बाजाराच्या तोंडाशी पोचलो आणि पाय आपोआप मंदावले. गाड्या होत्या, माणसे होती, बैल होते, आवाज नव्हता. अकोटाच्या शेतावरची ती पाखरांवाचूनची शांतता चालत इथवर आली होती. एकाही रुमालाखाली हात नव्हता. रुमाल नुसतेच खांद्यांवर होते.

बा गाडीच्या धुरेवर बसला होता. जवळ गेलो आणि धापेबरोबर तोच शब्द बाहेर पडला.

"बा, उतरलो!"

त्याने मान वर केली नाही. "अखीन किती?" त्याने विचारले.

तेव्हा मला कळले. सकाळीच मुंबईहून तार आली होती. गोऱ्यांची भाऊबंदकी मिटली होती आणि कापसाचा भाव कोसळला होता. मारुतीपुढचा दिवा ज्या क्षणाला भीत होता तो क्षण या धुरेवर येऊन बसला होता, आणि मी त्याला ओरडून दुजोरा दिला होता. "मी उतरलो, बा," मी हळूच म्हणालो. "परीक्षेत." माझ्या आवाजातला 'मी' मलाच परका वाटला.

बाने आता मान वर केली. मग त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि रुमालाखाली माझा हात धरला. त्याची खरबरीत बोटे माझ्या बोटांवरून फिरली, एक बोट दाबले, मग दोन, मग सबंध मूठ आवळली आणि सोडली. एवढ्या मोठ्या बाजारात त्या दिवशी झालेला तो बहुधा एकच सौदा असेल.

पुढे आमच्या गाड्या गेल्या, बैल गेले. बांधाकडेने मायने ज्वारी पेरली आणि दुसऱ्या वर्षी पाखरे आली. मला कोणी परत बोलावले नाही. मी शिकतच गेलो, शुद्ध लिहीत गेलो. बा गेला, आणि त्याने रुमालाखाली काय सांगितले ते मी कधी विचारले नाही. ती भाषा जाणणारा एखादा म्हातारा भेटला की हात पुढे करावासा वाटतो, आणि मी तो मागे घेतो. माझा काय भाव ठरला होता, हे ऐकण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.