तेरा वाव

दोन्ही हात आडवे पसरायचे आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजायचं, ही आमच्या भूगोलाच्या सरांची सवय. या मापाला वाव म्हणतात. फळा, ऑफिसचं कपाट, नवी सतरंजी, सगळ्याचं माप त्यांना वावात हवं असे. व्हरांड्यात ते हात पसरून उभे राहिले की पोरं खालून वाकून जात. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मी त्याच शाळेत लिपिक. खडूपासून घंटेपर्यंत सगळं माझ्या यादीत. शाळा नाकाडोंगरीकडच्या पट्ट्यात, आणि गावामागे मॅंगनीजची एक बंद पडलेली खदान, काठोकाठ पाण्याने भरलेली. सर मूळचे लाखांदूरकडचे, धानाच्या बांध्यांतले, म्हणजे भातखाचरांच्या मुलखातले.

समुद्रातली निळी विवरं हा त्यांचा आवडता धडा. तो पुस्तकात नव्हता. उथळ, फिकट पाण्याच्या मधोमध एकदम गडद निळा गोल. समुद्राची पातळी खाली होती तेव्हा ती कोरडी गुहा होती, मग छत कोसळलं, मग पाणी चढलं. खूप खाली पाण्यात प्राणवायू नाही, मासा नाही, नुसता सडक्या अंड्यासारखा वास. हे सांगताना ते स्वतःच नाक दाबत.

"तुमी समुद्र पाहिला का, सर?" एकाने विचारलं.

"नाही. सूर्यावर तरी कुठं जाऊन आलो? शिकवतो ना?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, आपली खदानही निळीच आहे. तिले बूड नाही. आजी म्हणते, थेट समुद्रात निंगते."

गावात सगळेच असं सांगत. खदानीत बुडालेला बैल समुद्रात निघाला, हेही सांगत. पोरं त्या बाजूला फिरकत नसत.

"बूड रायतेच," सर म्हणाले. "आपली दोरी कमी पडते."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. विहिरीच्या बादलीसाठी आणलेले दोन नवे दोर हवे होते.

"परत कधी, सर?"

"बूड लागल्यावर, ताई."

मी तसंच लिहून घेतलं.

शनिवारी सगळा वर्ग काठावर उभा केला. दोन्ही दोर जोडलेले, एकेका वावावर गाठ, टोकाला दगड. सरांनी दोर सोडला, पोरांनी गाठी मोजल्या. तेराव्या गाठीला दोर ढिला पडला. दगड वर आला तो काळ्या गाळाने माखलेला, आणि वास तोच, सडक्या अंड्याचा. पोरं खूश. समुद्रबिमुद्र काही नाही, तेरा वाव. सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं आणि मला दोर ओलेच परत केले.

चौथ्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणारी बाई ऑफिसात आली. सर तिथेच चहा पीत होते. तिचा नातू आणि आणखी तिघं खदानीत उतरले होते. नातू दोनदा खाली गेला होता. काठावर सरपण वेचणाऱ्या माणसाने त्याला केसांना धरून बाहेर ओढलं.

"आमी एवढी वर्षं पोरायले भेव घालून ठेवलं होतं, सर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमी बूड दाखवून देलं. आता पोरं कोन राखनार?"

सरांनी कप खाली ठेवला. "मी," म्हणाले.

आम्हाला वाटलं, बोलले असतील.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत ते रोज सायकलच्या कॅरिअरला प्लास्टिकची खुर्ची बांधून खदानीवर जात. दुपारपासून गुरं परतेपर्यंत बसत. छत्री, पाण्याची बाटली, कालचा पेपर. मी त्यांच्या वतीने कुंपणासाठी अर्ज लिहिला, दोन स्मरणपत्रं पाठवली. तार आली, लागली, आणि पंधरा दिवसांत कोणीतरी काढून आपल्या वाडीच्या कुंपणाला नेली.

"तार गेली तं गेली," सर म्हणाले. "मी आहो ना."

एकदा मी सरळ विचारलं. गावाचं ते खोटं तसंच ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

"मोजल्यावर कसं ठेवू, ताई?" मग म्हणाले, "तेरा वाव आहे, हे सांगतलं. बुडायले एकच वाव पुरते, हे सांगाचं राहून गेलं. चुकलं ते तेवढंच."

ते निवृत्त झाले तरी उन्हाळ्यात खुर्ची जात राहिली. पोरं त्यांना लांबून चिडवत, "सर, समुद्र आला का?" ते पेपरातून मान वर न काढता "येऊन राहिला" म्हणत. त्या सगळ्या वर्षांत पाण्यात कोणी उतरलं नाही. गेल्या दिवाळीनंतर छातीत कळ आली आणि तुमसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

यंदा सुटी लागल्यावर मी त्या रस्त्याने गेले. काम दुसरीकडेच होतं. मोहाच्या सावलीत, काठापासून चार हातांवर, खिचडीवाली बाई बसली होती. पुढ्यात बिडीच्या तेंदूपानांचा ढीग. हात पुडके बांधत होते, नजर पाण्यावर होती.

"बाई, तुम्ही इथं?" मी गाडीवरूनच विचारलं.

"पोरायले सुट्ट्या लागल्या ना, मॅडम."

"रोज येता?"

"रोज कसं जमन? सोमवार, मंगळवार मी. बुधवारी माही जाऊ येते. गुरुवारी माह्या त्या नातवाची माय."

"आणि शुक्रवारी?"

तिने पुडक्याला गाठ मारली. "शुक्रवार अजून कोनाचा नाही."

मी गाडी स्टँडला लावली.