खांबापुढचं गाऱ्हाणं

नंदिगड्डा गावाच्या पलीकडे, जंगलात आमची वाडी. नव्वदच्या दशकातल्या उन्हाळ्यातली एक सकाळ.

काळी नदीवरचं धरण आमच्याच तालुक्यात, पण वीज आमच्या डोक्यावरून शहरांकडे जायची. शेवटी एकदाचे वाडीत खांब उभे राहिले, तारा ओढल्या, विहिरीवर पंप बसला. फक्त करंट सोडायचा बाकी होता.

माझ्या वहिनीला सातवा महिना होता. ती रोज घसरड्या वाटेनं ओहोळाचं पाणी आणायची. एकदा तर घागरीसकट पडता पडता वाचली...

लाईनचं काम खाजगी ठेकेदाराकडे होतं. त्याचा माणूस निरोप घेऊन आला... लाईन चालू करणाऱ्या वीज खात्याच्या साहेबांना मधाचा डबा, काजूची पिशवी आणि एक पाकीट द्या, नाहीतर लाईन चालू होणार नाही.

शाळा लांब, म्हणून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला सुरुवातीला घरीच शिकवलं. लाच हा शब्द त्यांच्याकडूनच कळला, आणि त्याची धास्तीही. मी तडक सोमाकाकांकडे गेले. ते आमच्या वाडीचे बुदवंत, म्हणजे गावप्रमुख.

"काका, ही लाच आहे. गुन्हा आहे हा."

काका पानाला चुना लावत म्हणाले, "अगं पोरी, साहेबाचा मान हाय तो. मान कधी लपवून देत्यात व्हय?"

आमच्याकडे कुणाला मान द्यायचा तर देवाला गाऱ्हाणं घालून, सगळ्यांदेखत. पण काका इथेही तेच करतील, असं मला वाटलं नव्हतं...

साहेब आले. पहिल्या खांबाला हळद-कुंकू लावून नारळ ठेवला होता, आणि शेजारी डबा, पिशवी, पाकीट. काकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज वाडीत करंट येतोय..."

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी.

"त्यापायी ह्या साहेबानं मध, काजू आन् पाकीट मागितलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"सरकारी पगारात त्याचं भागत न्हाई, म्हणून आमी देतोय. त्याला आन् त्याच्या लेकराबाळांना ते पचू दे!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबांचा चेहरा पडला. मी मागून काकांचा सदरा ओढत होते. आता हे जीपमध्ये बसून निघून जाणार... वहिनीकडे बघायचा धीर होईना.

साहेबांनी दोन्ही हात मागे घेतले. "देवालाच असू दे ते," असं पुटपुटले आणि लाईनमनवर ओरडले, "बघतोस काय? चार्ज कर लाईन!"

पंप सुरू झाला, पाईप गुरगुरला. पंपासाठी आधीच भरून ठेवलेलं आतलं पाणी उन्हानं तापलेलं होतं. वहिनीनं हात पुढे केला आणि म्हणाली, "अगं बाई, आंघोळीचंच आलं की!" सगळे हसले... मला मात्र रडू फुटलं.

पुढे कितीतरी दिवस लाईट गेली की वाटायचं, साहेबांनी राग काढला. काढलाही असेल, कोण जाणे.

हल्ली वीज सरकारकडे असावी की कंपनीकडे, यावर फोनवर खूप भांडणं वाचते. खरं सांगते, मला दोन्हींची भीती वाटते. पण ज्याच्या हातात जाईल, त्याला काय काय हवंय ते त्यानं खांबापुढे, सगळ्यांदेखत एकदा मोठ्यानं सांगावं... 'व्हय म्हाराजा' म्हणायचं की नाही, ते आम्ही ऐकून ठरवू.

सोमाकाका, मी सदरा ओढूनही तुम्ही थांबला नाहीत, त्याबद्दल हात जोडते.