पिवळ्याचं एक माप जास्त

आमच्या जिन्यात बातमी फुटली की वरच्या मजल्यावरचा रंगारी साठीत शाळेच्या परीक्षेला बसतोय, कारण दुसरं लग्न एका मास्तरणीशी ठरलंय. लग्नाची फोडणी माझीच, तेव्हा खरं काय ते सांगणंही मलाच भाग आहे. त्यानं माझ्या मुलीचं बीजगणिताचं पुस्तक मागून नेलं होतं, एवढंच.

प्लंबरनं गळका पाइप काढायला त्याच्या स्वयंपाकघराची भिंत हातभर फोडली होती. गिलावा झाला, रंग राहिला. भिंतीचा रंग नऊ वर्षांपूर्वी बायकोच्या पसंतीनं त्यानं घरीच कालवलेला. बायको गेल्या वर्षी गेली. तिचाच रंग त्या तुकड्यावर हवा, म्हणून माणूस खाणंपिणं विसरला. पांढरा सात, पिवळा दोन, हे प्रमाण त्याला पाठ. तसा लावला, तर तुकडा आजाऱ्यासारखा फिका. मी म्हटलं, भाऊ, हात म्हातारा झाला. एरवी हसला असता.

मग त्याला आठवलं. रंग कालवून झाल्यावर तिनं बादलीत डोकावून नाक मुरडलं होतं, आणि न विचारता पिवळ्याचं आणखी एक माप ओतून मोकळी झाली होती. त्यावरून दोन दिवस अबोला. पण ते एक माप किती रंगात पडलं? बादली तेवढ्यानं काठोकाठ भरली होती, आणि त्या बादलीत एकोणीस मापं मावतात.

माझ्या ओट्यावर त्यानं खडूनं मांडलं. पांढरा सात क्ष, पिवळा दोन क्ष, वर तिचं एक. नऊ क्ष अधिक एक बरोबर एकोणीस. म्हणजे नऊ क्ष अठरा, क्ष दोन. पांढरा चौदा, पिवळा चार आणि एक. मी म्हटलं, पाच लिहा की सरळ. त्यानं लिहिलं नाही. ते एक तसंच वेगळं ठेवून रंग कालवायला वर गेला.

दुसऱ्या दिवशी तुकडा वाळला तो लख्ख, टवटवीत; भोवतीची भिंत नऊ वर्षांच्या धुरानं मळलेली. ठिगळ दारातूनच दिसत होतं. मी म्हटलं, भाऊ, क्ष चुकला तुमचा, आता सगळी भिंतच रंगवून टाका.

तो म्हणाला, "गणित बरोबर आहे, वहिनी. नऊ वर्षांपूर्वी लावला त्या दिवशी असाच दिसत होता. बाकीची भिंत आम्हा दोघांसमोर जुनी झालीये, तिला हात लावायचा नाही."