आमच्या घरातलं भूत

आमच्या आईच्या तोंडात भूत हा शब्द मिठासारखा होता; कशातही चिमूटभर पडायचा. न्हाऊन केस मोकळे सोडले की मी भूत. चुलतभावंडं जमली की भुतावळ. शेजारीण दिवसभर घर घासायची, ती भुतासारखी राबते. खरं भूत मात्र तिच्या मते एकच, आणि ते वडिलांच्या मानगुटीवर बसलेलं: फुटबॉलचं. पेठेच्या टीमची मॅच असली की वडील ताटावरून उठायचे. "लगीन माझ्यासंगं केलंसा आणि संसार त्या चेंडूसंगं," असं ती म्हणायची. पुढं बायकांच्या हळदीकुंकवात मी त्या दोघांच्या नकला करून बरंच नाव कमावलं.

वडील गेल्यावर मी कळंब्याच्या फ्लॅटवर आईसोबत राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी कणीक मळताना ऐकलं, बाहेरच्या खोलीत ती कुणाला तरी पेपर वाचून दाखवत होती. मॅचची बातमी. जिनं जन्मात कधी चेंडूचं नाव प्रेमानं घेतलं नाही, ती बाई पेनल्टी, कॉर्नर असले शब्द अडखळत वाचत होती. मध्येच थांबायची, समोरचा बोलतोय अशी. मग म्हणायची, "व्हय की, त्यो पोरगा आळशीच हाय."

मी डोकावले. समोर वडिलांची वेताची खुर्ची, रिकामी. हे सांगताना मी इथं डोळे मोठे करते आणि लोक हसतात. तेव्हा मला हसू आलं नव्हतं, कारण आई थांबली त्या वेळात खुर्ची करकरली. थंडीनं वेत आकसतो हे मला माहीत आहे. उन्हाळा होता.

मग गारगोटीहून आत्या आली, वडिलांची धाकटी बहीण. एक संध्याकाळ तिनं हा प्रकार बघितला. आत्या भूत हा शब्द उच्चारत नाही. गंमत असेल तेव्हा भूत म्हणायचं. खरोखर काही असेल तर "बाहेरचं".

"वैनी, हे बाहेरचं हाय."

"बाहेरचं कुठलं, वन्सं? घरातलंच की."

"दहाव्याला कावळा लवकर शिवंना, आठवतंय न्हवं? दादा अडकल्यात. तुमी धरून ठिवलंय त्यास्नी."

आत्याचे डोळे भरले होते. भाऊ सुटावा एवढंच तिला हवं होतं, आणि तो सुटू नये एवढंच आईला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आत्यानं पत्रावळीवर दहीभात, लिंबू, गुलाल मांडला आणि आईवरून ओवाळून टाकला. आई शहाण्या मुलीसारखी बसली. हा उतारा तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं ठेवायचं काम माझ्याकडं आलं.

"ठिवायचं आणि सरळ घरला यायचं," आत्यानं बजावलं. "मागं वळून बघायचं न्हाई. बघितलंस की मागनं येतंय."

मी चपला घालत होते. आई माझी ओढणी नीट करायच्या निमित्तानं जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "मागं बघ."

"आई, अगं..."

"त्यास्नी तिन्हीसांजंचं नीट दिसत न्हाई. तू वळलीस की कळंल त्यास्नी, कुठनं यायचं."

तिकटीवर वडापावची गाडी होती आणि दोन रिक्षा. मी पत्रावळ ठेवली तसा एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, जरा पल्याड ठेवा की. गिऱ्हाईक बिचकतंय." मी पल्याड ठेवली आणि चालू लागले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मान लाकडासारखी झाली होती. मागं कुणीतरी पाय घासत येत होतं. कोल्हापुरात पाय घासत चालणारी माणसं पुष्कळ आहेत. पण हे पाऊल मी थांबले की थांबत होतं.

सरळ गेले असते तर आत्या निर्धास्त झोपली असती. आणि उद्या संध्याकाळी आई खरोखरच रिकाम्या खुर्चीसमोर बसली असती.

मी वळले. गाडीचा धूर, नुकते लागलेले दिवे, दहीभाताशी एक कुत्रं. पाय घासणारं कुणीच नव्हतं. "चला," मी हळूच म्हटलं.

"कुठं जायचंय?" रिक्षावाल्यानं विचारलं.

घराच्या दारात आत्या उभी होती, माझ्या पायांवर ओतायला तांब्या घेऊन.

"मागं बघितलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

तिनं माझ्या पायांवर पाणी ओतलं. आईनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मग आत्याच्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी माझ्या शेजारच्या मोकळ्या फरशीवर ओतलं, सावकाश, आधी एका जागी, मग जरा सरकून दुसऱ्या.

आत्या त्या ओल्या फरशीकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही बोंब मारणार. तिनं डोळ्यांना पदर लावला, दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली. मी आत गेले. ती तशीच दार धरून उभी होती.