उलटं वल्हवत, बाडसच्या पाण्यातून

फेब्रुवारीच्या एका शनिवारी मी नर्मदेवर मासे धरायला गेलो. पोहता न येणाऱ्या आणि वर्गात संस्कृत श्लोकांचा अन्वय लावून पोट भरणाऱ्या माणसानं असं का करावं, हे आमच्या घरातही कोणाला नीट कळलेलं नाही. कारण विचाराल तर अरविंदराव.

अरविंदराव म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या जबलपुरात झाल्या. मी इथल्या कॉलेजात येऊन सहाच वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या लेखी मी अजून पाहुणा, आणि पाहुण्याला ते ‘पंडितजी’ म्हणतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर परदेशातल्या ट्राउट धरणाऱ्यांचे व्हिडिओ बघत त्यांनी अधारतालच्या घरामागे दीड वर्ष खपून एक नाव बांधली. चपटा तळ, दोन्ही टोकं वर उचललेली, लांबून बघावी तर कोणी मोठी कढई ठेवावी तशी. ट्राउट नर्मदेत नाही, त्याला डोंगरातलं गार पाणी लागतं. आपल्याकडे आहे तो महाशीर. इथले नावाडी त्याला बाडस म्हणतात. धरणं झाली तसा तोही कमी झाला, म्हणून धरायचा आणि सोडून द्यायचा, एवढाच बेत होता.

नाव पूर्ण होत आली आणि अरविंदरावांना कंपवाताचं निदान झालं. उजवा हात. गोळ्या सुरू झाल्या, पण नावेबद्दल घरात कोणी बोलेना.

निघायच्या आदल्या दिवशी शुभाताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, मला चहाला बोलावलं आणि नवऱ्यासमोरच विषय काढला. ताई नागपूरच्या, बोलणं सरळ.

“श्रीधरराव, हे मला काही धड सांगून नाही राहिले. तुम्ही सोबत जा. पूर्ण रस्ता यांनी स्वतः वल्हवली तर नाव आपली. नाही जमलं तर ती गेंदालाल नावाड्याला देऊन टाकायची. परत येऊन मला खरं सांगायचं.”

“मंजूर,” अरविंदराव म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं. हात मुद्दाम डावा वापरला, हे आम्ही दोघांनी पाहिलं.

शनिवारी सकाळी नाव टेम्पोवर चढवली. टेम्पोवाला दीड हजारावर अडून होता, बाराशेला तयार झाला. वाटेत खव्याची जिलबी बांधून घेतली. जबलपूरला येऊन ती न खाणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला नुसतं सोडून देतो. नागपूर रस्त्यानं बरगीकडे निघालं की तासाभरात धरणाच्या खालच्या अंगाला पोचता येतं. तुम्ही जाणार असाल तर दोन कामं आधी करा. मासे धरायची परवानगी काढा, पावसाळ्यात तर ती मिळतच नाही. आणि धरणातून पाणी कधी सोडणार आहेत ते विचारून घ्या. पहिलं आम्ही केलं होतं. दुसरं अरविंदरावांनी केलं असेल असं मला वाटलं, आणि मी केलं असेल असं त्यांना.

गेंदालाल घाटावर वाट बघत होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा नावाडी, पन्नाशीचा, बुटका, खांदे मात्र पैलवानाचे. त्यानं नावेच्या नाकाला लाल चुनरी बांधली, नारळ फोडला, आणि बजावलं की नव्या नावेत पहिली जी मछली येईल ती मैयाची, म्हणजे नर्मदेला परत. आमची तीही तयारी होती. लाइफ जॅकेटं घातली. माझ्या जॅकेटचा पट्टा गेंदालालनं स्वतः ओढून बघितला, दोनदा.

या नावेची गंमत अशी की वल्हवणारा नाव जाते त्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही उलटी मारतो. नाव पुढे न्यायला नव्हे, ती नदी नेतेच. तिला हळू करायला. नदी धावते त्याहून सावकाश उतरायचं, म्हणजे पुढे बसलेल्याला खडकाआडच्या पाण्यात गळ टाकायला सवड मिळते. आणि वल्ही ज्याच्या हातात, त्याला गळ टाकता येत नाही. दीड वर्ष खपून अरविंदरावांनी जी नाव बांधली, तिच्यात मासे धरायला बसलो मी.

गेंदालालला हे सगळं फार करमणुकीचं वाटत होतं. “साहब, मैया जिधर ले जा रही है, आप उधर जाने से मना कर रहे हो.”

“मना नहीं कर रहा भैया, बस ज़रा धीरे,” अरविंदराव म्हणाले.

सकाळचे ते दोन तास मी जपून ठेवले आहेत. पाणी हिरवं, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. नर्मदेचं दुसरं नाव रेवा, म्हणजे उड्या मारत जाणारी, असं मी दरवर्षी मुलांना सांगतो; इथं ती एखाद्या समजूतदार बाईसारखी चालली होती. आणि साडूंचा हात थरथरत नव्हता. मांडीवर रिकामा असला की थरथरायचा, वल्ह्यावर आला की शांत. मी मनातल्या मनात शुभाताईंना सांगायची वाक्यं जुळवायला लागलो. ती सगळी आनंदाची होती.

माझ्या गळाला दोनदा झुडूप लागलं. तेवढ्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुपारी वाळूवर नाव लावली. गेंदालालनं गोवऱ्या पेटवून गक्कड भाजले, वांग्याचं भरीत केलं. निखाऱ्यातून काढलेला तो कणकेचा गोळा राख झटकून तुपात बुडवायचा आणि बोलणं बंद ठेवायचं. आम्ही तसंच केलं. हात धुवायला गेलो तेव्हा ज्या दगडावर मी चपला ठेवल्या होत्या तो दिसेना. चपलाही दिसेनात. धरणातून पाणी सुटलं होतं.

गेंदालाल म्हणाला, थांबू या. अरविंदराव म्हणाले, चढतं पाणी आहे, वाळू राहणार नाही. दोघांचंही बरोबर होतं. निघालो.

वळणापलीकडे नदीत काळ्या खडकांची एक ओळ होती. सकाळच्या पाण्यात तिथून आरामात जाता आलं असतं. आता पाणी पिवळसर, जोरात, आणि नाव सरळ खडकावर. डावं वल्हं दाबून उजवं पटकन मारायचं होतं. डावं दाबलं गेलं. उजवा हात वल्ह्यावरच होता, मूठ आवळलेली, पण तो निघाला नाही. थरथरलाही नाही. बोलावलं आणि उशिरा आला. तेवढ्यात नाव आडवी होऊन खडकाला घासली, एका बाजूनं पाणी आत आलं, आणि मी बाकाला मिठी मारली.

“गेंदालाल,” अरविंदराव हळूच म्हणाले, “आ जा.”

जागा बदलायला दोन क्षण लागले असतील. गेंदालालनं आयुष्यात कधी उलटं वल्हवलं नव्हतं. अरविंदराव त्याच्या पुढ्यात खाली बसून सांगत राहिले, आता डावं, आता थांब, आता दोन्ही. तो ऐकत गेला. नाव सुटली.

खाली संथ डोह लागला तेव्हा मी गळ त्यांच्याकडे सरकवला. नको म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळानं दोर ताणला आणि मग एक हातभर लांबीचा बाडस वर आला, पितळेच्या परातीसारखे खवले. त्यांनी तो पाण्याबाहेर काढलाच नाही. गळ सोडवला, दोन्ही हातांनी त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवलं, त्याच्या अंगात बळ येईपर्यंत. गेंदालालनं वल्ही थांबवून हात जोडले. मासा गेला. पुढचा तास-दीड तास गेंदालालच वल्हवत राहिला. जबलपूरच्या ग्वारीघाटाच्या बऱ्याच अलीकडे, ठरलेल्या घाटावर टेम्पो उभा होता.

परतीच्या वाटेवर माझ्यापाशी एक तयार वाक्य होतं. ‘नाव घाटापर्यंत नीट आणली’ असं म्हटलं असतं तर त्यात खोटं काही नव्हतं, फक्त कर्ता गाळलेला होता. अशी वाक्यं मी वर्गात खोडतो.

शुभाताई फाटकातच उभ्या होत्या. नावेच्या बाजूला पडलेला चरा त्यांनी बोटानं चाचपला. “वल्ही कोणाच्या हातात होती?”

अरविंदराव माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला नजरेनंही खुणावलं नाही.

“दुपारपर्यंत यांच्या,” मी म्हणालो. “पुढे गेंदालालच्या.”

ताईंनी मान हलवली. जिंकल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पदरानं डोळे पुसून त्या आत गेल्या. जेवताना अरविंदराव माझ्याशी बोलले नाहीत. पुढचे आठ दिवसही नाही. खरं बोलल्याचं समाधान वगैरे म्हणतात, ते मला त्या आठ दिवसांत कुठे सापडलं नाही. कॉलेजातून येताना रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. त्या प्रवासातलं हिरवं पाणी आठवायचं, तो मासा आठवायचा, आणि सगळ्याच्या मध्ये वल्ह्यावर आवळलेली ती न हलणारी मूठ.

नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला.

“पंडितजी, काहून गप्प बसून राहिले? गेंदालालचे पाय आखूड आहेत. वल्हवायचा बाक चार बोटं पुढे घ्यावा लागतो, नाही तर त्याला जोर मिळणार नाही. शिवाय पुढे मला बसायला जागा करायची आहे, दर पंधरवड्याला नेईन म्हणतो तो. फळी धरायला माणूस पाहिजे.”

मी गेलो. नाव घरामागे पालथी नव्हती, सुलटी होती, आणि बाक उपटून ठेवलेला. मी फळी धरली. त्यांनी पेन्सिल घेतली, हात पोचायची वाट पाहिली आणि रेघ ओढायला सुरुवात केली. तिला बराच वेळ लागला. मी फळी हलू दिली नाही.