चार वाजताची बातमी

पत्रकारितेचं एम. ए. करायचं ठरवलं तेव्हा घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. नसत्या चौकशा करायची माझी खोड जुनी, आता तिची पदवी मिळेल एवढंच, असं आई म्हणाली. बाबांना मात्र आनंद झाला. ते आमच्या मराठी मंडळाचे सचिव. मंडळाच्या कार्यक्रमांच्या बातम्या ग्वाल्हेरच्या हिंदी पेपरांना पाठवायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडे होतं, त्यामुळे घरातले पहिले पत्रकार आपणच, असं त्यांचं मत होतं.

त्यांची पद्धत ठरलेली. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला, बातमी तयार दुपारी चारला. शहराचं पान लवकर लागतं, उशिरा आलेली बातमी पडून राहते. म्हणून बाबा जयेंद्रगंजच्या आमच्या घरात चहा घेता घेता मोबाइलवर लिहून मोकळे व्हायचे: समाजबंधू मोठ्या संख्येने उपस्थित होते, वक्त्यांनी श्रोत्यांना खिळवून ठेवलं, शेवटी आभार मानण्यात आले. एकदा पाहुण्यांची गाडी झाशीलाच अडकली आणि ते पोचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात स्वतःचं भाषण वाचून त्यांनी बाबांना फोन केला आणि छान झालंय म्हणाले.

आमच्या विभागात एक निवृत्त वार्ताहर शिकवायला यायचे. कुणीही काहीही लिहून नेलं की त्यांचे प्रश्न दोनच. तिथे गेला होतात का? आणि विचारलंत का? पहिल्या प्रश्नाला अर्धा वर्ग गारद व्हायचा, दुसऱ्याला उरलेला. मला ते प्रश्न इतके आवडले की मी भाजीवाल्यालाही सोडेनाशी झाले.

शेवटच्या सत्रात मी पडाव भागातल्या एका हिंदी दैनिकात दोन महिने शिकाऊ म्हणून लागले. संस्थांकडून लिहून येणाऱ्या बातम्यांना तिथे विज्ञप्ति म्हणत, आणि त्या कापून लहान करणं हे माझं काम. एका शनिवारी बाबांची विज्ञप्ति माझ्याच टेबलावर आली. त्या संध्याकाळी मंडळात बाईंचा सत्कार होता.

बाई हरिशंकरपुरमला राहायच्या, ऐंशीच्या घरातल्या. दर रविवारी आपल्या बैठकीत त्यांनी समाजातल्या मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवलं. मीही त्यांच्याकडेच शिकले. तोंडातून हिंदी शब्द निघाला की चपला घालून फाटकापर्यंत जायचं, मराठीत हाक मारायची आणि मग आत यायचं, असा त्यांचा नियम. माझ्या चपला तिथेच झिजल्या. बाबांच्या बातमीत बाईंनी ओघवत्या मराठीत भाषण करून मातृभाषा जपण्याचं आवाहन केलेलं होतं. घड्याळात साडेचार वाजले होते. बाईंनी अजून साडीसुद्धा बदलली नसेल.

मी उपसंपादकांना विचारलं, जाऊन येऊ का? बातमी तर आलीय, मग जायचं कशाला, हे त्यांना काही कळेना. शेवटी आठपर्यंत जागा ठेवतो म्हणाले.

बाई मराठीतच बोलायला उभ्या राहिल्या. पुढच्या दोन रांगांत मुलं बसवली होती, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची. बाई श्वास घ्यायला थांबल्या की मागचे लोक टाळ्या वाजवायचे, ते बघून मुलंही वाजवायची. असं तीन-चारदा झालं. मग बाईंनी हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सरळ हिंदीत बोलायला लागल्या. फाटकापर्यंत पिटाळलेल्या मुलांच्या गोष्टी त्यांनी अशा रंगवून सांगितल्या की मुलं खिदळायला लागली. मोठी माणसं एकमेकांकडे बघत होती. बाबांचा चेहरा पार उतरला होता.

कार्यक्रम संपल्याबरोबर मी बाईंना गाठलं आणि असं का केलंत म्हणून विचारलं.

"एक अक्षर समजत नव्हतं गं त्यांना, आणि टाळ्या वाजवत होती," त्या म्हणाल्या. "मला टाळ्या काय करायच्यात? आज हसली, तर एखादं येईल रविवारी."

बाबा मला चपलांच्या स्टँडपाशी घेऊन गेले. पाठवलंय तेच छापून येऊ दे, म्हणाले.

"बाबा, पर त्या तर हिंदीत बोलल्या ना."

"जन्मभर मराठी सांभाळली त्यांनी. उद्या सगळा समाज पेपरात वाचेल की बाईच हिंदीत बोलल्या. या वयात त्यांचं नाव खराब करशील?"

इतकी वर्षं मला बाबांची बातमी म्हणजे गंमत वाटायची. आज ते बाईंना जपत होते आणि मला त्यांच्याशी भांडता येईना. पण चार वाजताची बातमी छापायची तर मी इथे आले कशाला, हेही मनातून जाईना. म्हणून परत बाईंकडे गेले. बाबांनी काय लिहिलंय, मी काय लिहिणार आहे आणि लोक काय म्हणतील, सगळं सांगितलं.

"तू इथे होतीस ना? मग ऐकलंस ते लिही," बाई म्हणाल्या. "आणि मी का बोलले तेही लिही. अर्धं लिहू नकोस."

मी स्कूटी घेऊन पडावला परतले आणि पूर्ण लिहिलं. सकाळी आठ ओळी छापून आल्या. मंडळातून बाबांना दोन फोन आले, दोन्ही वेळा ते नुसतं हं, हं करत राहिले. मंडळाची प्रत्येक बातमी कापून फाइलला लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी पेपर उघडलाच नाही. मला फार वाईट वाटलं. लिहिल्याचा पस्तावा मात्र झाला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात मंडळात व्याख्यान होतं. चार वाजता बाबांची विज्ञप्ति आली. समाजबंधू मोठ्या संख्येने उपस्थित होते, आभारही मानून झाले होते. मध्ये मात्र भाषणाच्या जागी तीन ओळी नुसती टिंबं होती. मला वाटलं, राग अजून गेलेला नाही.

पावणेआठला बाबा स्वतः कार्यालयाचा जिना चढून आले. डोक्यावर हेल्मेट तसंच, हातात निमंत्रणपत्रिका, आणि तिच्या पाठीवर पेनाने बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. त्यांनी आधी उपसंपादकांना जागा आहे का विचारलं, मग माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

"एक मुद्दा नीट कळला नव्हता," ते म्हणाले. "थांबून विचारून आलो. घे लिहून."