पाणक्याचं नाव

शैलजाबाईंनी किंतेरोचं नाव घेतलं तेव्हा फोनच्या पडद्यावरचे दोन्ही चौकोन हसले. पुण्याच्या चौकोनात मुलगा यतीन होता, बंगळुरूच्या चौकोनात मुलगी आसावरी. मोहालीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र कोणी हसलं नाही. तिथे शैलजाबाई एकट्याच होत्या, आणि त्या गंमत करत नव्हत्या.

युरोपातली ती तीन आठवड्यांची सायकल शर्यत दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. आदल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने एका स्पर्धकाचं नाव सांगायचं, ही या घराची रीत. ती घातली शैलजाबाईंच्या नवऱ्याने, विश्वनाथांनी, यतीन दहावीत असताना. ज्याचा स्पर्धक सगळ्यांत वर येईल त्याने घरासाठी एक निर्णय घ्यायचा आणि बाकीच्यांनी तो बिनतक्रार पाळायचा. दिवाळीत कुठे जायचं, गाडी कोणत्या रंगाची घ्यायची, असले निर्णय. विश्वनाथांना जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी रीत चालू होती. किंबहुना ते गेल्यापासून तिला कोणी हात लावायला धजत नव्हतं.

यतीनने ब्रेक्केचं नाव घेतलं. हा नॉर्वेचा तरुण गेल्या वर्षीचा विजेता होता आणि अर्ध्या जगाचा लाडका. नाव घेतल्यावर यतीन थोडा थांबला आणि म्हणाला, की मी जिंकलो तर मोहालीचा फ्लॅट विकायचा आणि आईने पुण्याला यायचं.

तो हे कधीतरी म्हणणार हे शैलजाबाईंना मार्चपासून ठाऊक होतं. मार्चमध्ये पिंजौरच्या रस्त्यावर त्या सायकलवरून पडल्या होत्या. चंडीगडच्या सेक्टर बत्तीसमधल्या इस्पितळात मनगटाला प्लास्टर घातलं, तेव्हा यतीन विमानाने आला होता आणि बाकावर बसून नुसता जमिनीकडे बघत राहिला होता. त्याची भीती खोटी नव्हती. म्हणूनच तिच्याशी भांडणं अवघड होतं.

“आणि मी जिंकले तर हा विषय पुन्हा निघणार नाही,” शैलजाबाई म्हणाल्या.

“पक्का,” यतीन म्हणाला. “पण आई, किंतेरो? तो ब्रेक्केचाच माणूस आहे. पाणी वाहतो त्याच्यासाठी.”

ते खरं होतं. किंतेरो ब्रेक्केच्याच संघातला, कोलंबियाचा, छत्तिशी गाठलेला. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, ब्रेक्केच्या पुढे राहून वारा आपल्या छातीवर घ्यायचा आणि शेवटच्या चढावर बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यायचं, हे त्याचं काम. विश्वनाथ असल्या स्वारांना पाणक्या म्हणत. शैलजाबाईंना तो शब्द कधी आवडला नाही, पण घरात तोच रुळला.

विश्वनाथ संघाच्या नायकांची तोंडं बघून भाकीत करायचे. शैलजाबाई पाणक्यांचे पाय बघायच्या. नायक चेहरा झाकतो, दमलेला असला तरी हसतो. पण मोठ्या चढाच्या मध्यावर त्याच्याभोवती किती पाणके उरलेत आणि त्यांची पायडलं कशी फिरताहेत हे पाहिलं, की तो संघ आतून किती पोखरलाय ते कळतं. त्या वसंतातल्या छोट्या शर्यतींत त्यांनी पाहिलं होतं, की ब्रेक्के दोनदा आजारी पडला होता आणि दोन्ही वेळा किंतेरो त्याच्यासाठी मुद्दाम हळू झाला होता.

त्यांचं गणित असं होतं. किंतेरोला रोज ब्रेक्केबरोबर शेवटपर्यंत राहावं लागणार, म्हणजे एकूण वेळेत तोही वरच राहणार. डोंगरातल्या शेवटच्या दिवशी संघ त्याला सकाळीच पुढे पाठवील. मागून ब्रेक्के आला की त्याला आधार द्यायला पुढे एक माणूस हवा म्हणून. पण ब्रेक्के येणारच नाही. तो मागे मोडेल, आणि पुढे ठेवलेला माणूस आपोआप शर्यतीचा धनी होईल.

रोज पहाटे त्या हे गणित कुलवंतजींपुढे तपासत. कुलवंतजी सोसायटीतले निवृत्त बँक मॅनेजर, सायकलवरचे सोबती. पंचकुला मागे पडून चंडीमंदिरापुढे चढ लागला की ते बोलायचे थांबत, त्याआधी मात्र थांबत नसत. भाभीजी, सारी दुनिया राजा पर दाँव लगाती है, आप नौकर पर, असं ते म्हणत. शैलजाबाई सांगत, की चढावर राजाला कोण ओढतं ते आधी बघा, आणि पुढे निघून जात.

पिंजौरला त्या एका पिवळ्या शाळेसमोर पाणी प्यायला थांबत. कुलवंतजींना वाटे, सावली आहे म्हणून. विश्वनाथांची पहिल्यांदा चंडीगडला बदली झाली तेव्हा शैलजाबाई त्याच शाळेत गणित शिकवत होत्या. बसने जात, बसने येत. त्यांना मुख्याध्यापिका करायचं ठरलं तेव्हाच विश्वनाथांची बदली गुवाहाटीला झाली. त्या जुलैतल्या शर्यतीत विश्वनाथांचा स्पर्धक जिंकला, आणि सगळ्यांनी मिळून गुवाहाटीला जायचं हा त्यांनी घेतलेला निर्णय होता. घरात कोणी वाद घातला नाही. निवृत्तीनंतर ते इथेच परत आले, पण शाळेत तोवर दुसरं कोणी होतं.

शर्यत सुरू झाली आणि शैलजाबाई म्हणाल्या होत्या तशीच सरकत गेली. तिसऱ्या आठवड्यात ब्रेक्के पहिला होता, आसावरीने निवडलेला बेर्तोनी नावाचा इटालियन त्याच्या मागोमाग, आणि किंतेरो पाचवा. यतीनचे फोन कमी झाले. आसावरीने हळूच विचारलं, आई, तुला आधीच कसं कळलं?

डोंगरातल्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी कुलवंतजी चहाला आले. पडद्यावर किंतेरो सकाळपासून पुढे होता. मागे बेर्तोनीने जोर केला तसा ब्रेक्केचा चेहरा प्रथमच उघडा पडला. त्याची मान डुलायला लागली, पाय गोल न फिरता अडखळत, चौकोनी फिरू लागले. पडद्याच्या कोपऱ्यातले एकूण वेळेचे आकडे बदलले. त्या क्षणी ती शर्यत किंतेरोची होती. कुलवंतजींनी कप खाली ठेवला. शैलजाबाई उभ्या राहिल्या होत्या.

मग किंतेरोने कानाला हात लावला.

कानातलं यंत्र मागच्या गाडीशी जोडलेलं असतं. गाडीतून संघाचे व्यवस्थापक हुकूम देतात आणि जाहिरातींवर चेहरा ब्रेक्केचा होता. किंतेरोने एकदा मागे पाहिलं, एकदा वर, जिथे अजून थोडासा चढ उरला होता. पायडल फिरायचं थांबलं. रस्त्याच्या कडेला सायकल जवळजवळ उभी करून तो थांबला. लोक ओरडत होते. बेर्तोनी पुढे निघून गेला, मागून ब्रेक्के धापा टाकत आला, किंतेरो त्याच्यापुढे झाला आणि त्याला वारा न लागू देता शिखरापर्यंत घेऊन गेला. बेर्तोनी वर आधी पोचला, तरी एकूण वेळेत ब्रेक्के थोडक्यात पहिला राहिला. दुसऱ्या दिवशीचा टप्पा नुसता मिरवणुकीचा होता, त्यात क्रमांक बदलत नाहीत.

कुलवंतजी म्हणाले, पूरा सही था आपका, बस ये एक बात छोड़ के. शैलजाबाई खाली बसल्या. पाय, वारा, चढ, आजारपण, सगळं त्यांनी धरलं होतं. कानातला आवाज धरला नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर तोच ऐकला, ती नेमका तोच कसा विसरली, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. किंतेरो तरी ऐकणार नाही, असं त्या धरून चालल्या होत्या.

फोन वाजला. यतीनच्या आवाजात विजय नव्हता, सुटका होती. त्याने वर्गातल्या मुलासारखं भरभर सांगितलं, की ऑगस्टात मी येतो, सामान बांधू, दलालाशी मी बोलतो, तुला तळमजल्याची खोली, बाग आहे.

“मी येत नाही,” शैलजाबाई म्हणाल्या.

चिडला की यतीन हिंदीत जाई, पुण्यात इतकी वर्षं राहूनही. “मम्मी, यार, ये क्या बात हुई? तू शब्द दिला होतास. बाबांचा नियम आहे हा.”

“दिला होता. मोडतेय.”

“आणि पुन्हा पडलीस तर?”

“तर पडेन. प्लास्टर घालतील. तुला घाबरायचंय तर घाबर, मी तुला नको म्हणणार नाही. पण तुझी भीती घालवण्यासाठी मी कुणाच्या मागे येणार नाही. एकदा आले होते, गुवाहाटीला. पुरे झालं.”

“ते बाबांनी सगळ्यांसाठी ठरवलं होतं.”

“हो. सगळ्यांसाठीच ठरवतात.”

तो अजून बोलत होता. शैलजाबाईंनी फोन कानापासून काढला आणि टेबलावर ठेवला. बंद केला नाही. मुलाला बोलायचं होतं, त्याने बोलावं. कुलवंतजी उठून दारापाशी घुटमळत होते. घरच्या भांडणात सापडलेला माणूस चपला शोधतो तसे चपला शोधत होते.

“उद्या पहाटे?” त्यांनी विचारलं.

“उद्या पिंजौरला थांबायचं नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. “वर कालकापर्यंत जायचं. तुम्ही दमलात तर मी वाट बघणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.”

आणि त्या सायकलच्या चाकात हवा भरायला गॅलरीत गेल्या. टेबलावर यतीनचा बारीक आवाज बराच वेळ चालू होता.